म्हाबळेश्वरात खोली कुठं घ्यावी

परवा इंदापूरच्या बाजारात एका ओळखीच्यानं मला गाठलं. "तात्या, तुमी म्हाबळेश्वरला जाऊन आलात न्हवं? आमी पोरंबाळं घिऊन निघालोय. खोली कुठल्या बाजूला घ्यावी वो?" मी म्हटलं, "बायकूला इचार." तो खो खो हसला. त्याला वाटलं, तात्या चेष्टा करतोय. बाकीचं त्याला ठाऊक नव्हतं, आणि कांद्याच्या पोत्यांमध्ये उभं राहून सांगण्यासारखंही ते नव्हतं. घरी आल्यावर ठरवलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. मी काही लेखक नव्हे. कळसच्या शिवारात दोडका, ढोबळी, वांगी करणारा माणूस. हिशेबाच्या वहीपलीकडं फारसं कधी लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दिवाळी झाल्यावर बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, सुमनच्या, छातीचा फोटो उजेडाला धरला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. ते म्हणाले, "फुप्फुसं आकसत चाललीत. हे मागं फिरणारं दुखणं नाही. औषधानं त्याचा वेग कमी होईल, इतकंच." सुमनला बाहेर बसवून मी पुन्हा आत गेलो. "किती दिवस?" म्हणून विचारलं. ते काही तसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यांना कुठं जायचं असेल तर उन्हाळ्याची वाट बघू नका."

येताना गाडीत तिला विचारलं, "सुमन, कुठं जावं वाटतंय का गं तुला?" वाटलं, देवाचं काहीतरी नाव घेईल. तर ती पटकन म्हणाली, "म्हाबळेश्वर." मागं एकदा बचतगटाच्या बायकांची सहल तिकडं गेली होती. हिचंही नाव होतं. ऐन वेळी ढोबळी तोडायला आली, मजूर मिळाले नाहीत, आणि हिचं राहिलं. बाकीच्या बायका चपला आणि चणे घेऊन आल्या. हिला एकीनं चण्याची पुडी आणून दिली होती, एवढं मला आठवत होतं. ती त्या सहलीची गोष्ट मनात धरून बसली असेल, हे मात्र ध्यानीमनीही नव्हतं.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते कुरकुरले. "उंचावर न्यायचं म्हणजे जपायला हवं. पण मन असेल तर न्या. ऑक्सिजनचं मशीन बरोबर ठेवा. चढण नको. थंडी आणि ओल, दोन्हीपासून जपा." मी "हो हो" म्हणालो. माणूस डॉक्टरचं ऐकतो ते असं, अर्ध्या कानानं.

मुलगा महेश लोणी देवकरला कंपनीत आहे, राहतो इंदापुरात. रविवारी तो वस्तीवर आला आणि मोबाईल काढून बसला. "हे बघा दादा, म्हाबळेश्वरात राहायचं म्हणजे चार बाजू हायत. एक बाजारपेठ. तितं सगळं हाताशी, पण गर्दी आणि गोंगाट. दुसरं क्षेत्र म्हाबळेश्वर, देवळाकडं. शांत, पण गावापास्नं लांब. तिसरं अलीकडं पाचगणीतच राहायचं. आन चौथं हे वेण्णा तळं. तळ्याच्या काठाला खोल्या हायत." त्यानं फोटो दाखवला. निळंशार पाणी, त्यात बोटी. माझं बोट आपोआप त्या फोटोवर गेलं.

हे का झालं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आमच्या भागात कुणाची ऐपत बघायची तर त्याचं घर कुणी बघत नाही. विचारतात, "कालव्याच्या हेडला का टेलला?" हेडला म्हणजे जिथं पाणी आधी पोचतं तिथं. आम्ही टेलचे, शेपटाकडचे. वरच्यांचा ऊस भिजून पाणी आमच्या शिवारात येईस्तोवर पाळी संपलेली असते. मी बापाच्या माघारी विहीर खणली, पाणी लागलं, आणि लागलेल्या वर्षीच गावातलं भाड्याचं घर सोडून विहिरीच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. लाईट कुठल्याही वेळी येते. माणूस मोटारीजवळ पाहिजे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून आम्ही वस्तीवर. गाव दोन किलोमीटर, आणि शेजारचं घर हाक मारली तर ऐकू जाणार नाही इतकं लांब. जमीन घेतली ती पाणी बघून, सोयरीक केली ती पाणी बघून. लेक अकलूजकडं दिली तर आधी पोराची विहीर वाकून बघितली, मग पोरगा.

महेश म्हणाला, "आईला विचारलं का?"

"तिला काय इचारायचं? पाण्याकाठी ऱ्हायला कुणाला आवडत न्हाय?"

सुमन दाराशी बसून वाटाणे सोलत होती. तिनं वर बघितलं आणि परत शेंगा सोलायला लागली. मी ते होकारात धरलं.

तळ्याकाठी

जानेवारीच्या शेवटी निघालो. गावातल्या दत्तूची गाडी केली. त्यानं आम्हाला सोडून परत जायचं आणि पाचव्या दिवशी न्यायला यायचं, असं ठरलं. फलटण, वाठार, वाई, हा रस्ता काही सांगण्यासारखा नाही. पसरणीचा घाट लागला तेव्हा सुमन खिडकीला चिकटली. "अवो, खाली बघा की. वाई केवढीशी दिसतीया." तिचा चेहरा इतका खुललेला मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. पाचगणीत थांबून मक्याचं पॅटिस खाल्लं. स्ट्रॉबेरी क्रीमकडं ती बघत होती. मी म्हटलं, "गार हाय, छातीला नगं." तिनं मान हलवली. आता वाटतं, एक चमचा द्यायला काय हरकत होती?

तळं बघून माझा जीव सुखावला, हे कबूल करतो. आमच्याकडं पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकून. इथं रस्त्याच्या कडेलाच एवढं पाणी, आणि त्याला ना कसली पाळी ना कुणाची भांडणं. लोक पैसे देऊन त्यात नुसते हिंडत होते. काठावर लाल मुळे आणि गाजरांच्या जुड्या लावून बायका बसल्या होत्या. मुळा हातात घेऊन बघितला. ताजा होता, माती धुतलेली. घोडेवाले, भज्यांच्या गाड्या, भाजलेल्या कणसांचा धूर, पोरांचा कालवा. सुमन एका बाकावर बसली आणि बघतच राहिली. एका मुळेवालीशी तिचं लगेच जमलं. कुठल्या, काय, किती लेकरं. मी खोली बघायला गेलो.

खोली रस्त्यापासून खाली उताराला होती, झाडांमध्ये. मागच्या खिडकीतून पाणी दिसत होतं. मला पसंत पडली. भिंतीला कोपऱ्यात हिरवट डाग होते, त्याकडं मी लक्ष दिलं नाही. आमच्याकडं भिंतीला ओल आली तर माणूस खूष होतो, झरा जवळ आहे म्हणून.

पाचच्या सुमाराला ऊन झाडांमागं गेलं आणि सगळं बदललं. गाड्या वळल्या, घोडे गेले, मुळेवाल्या टोपल्या आवरून निघाल्या. अर्ध्या तासात काठावर चिटपाखरू उरलं नाही. सुमन खोलीच्या दारात शाल गुंडाळून उभी होती.

"माणसं कुठं गेली सगळी?"

"गावात. बाजारात ऱ्हात्यात ती."

"मग आपुन हितं का?"

"अगं, पाणी बघ की."

तिनं पाण्याकडं बघितलं. मग आत जाऊन पलंगावर बसली आणि म्हणाली, "ही तर आपली वस्तीच झाली." मी हसलो. मला ती तारीफ वाटली.

पांघरुणं हाताला ओली लागत होती. मशीन लावलं, दोन रजया घातल्या. ती खोकत होती, पण तशी रोजच खोकायची. मी मात्र गाढ झोपलो. शेतकऱ्याची सवय, फटफटायच्या आत जाग आली. ती झोपलेली दिसली म्हणून हळूच दार ओढून बाहेर आलो.

बाहेर जे बघितलं ते आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितलं नसेल. गवतावर मीठ पेरल्यासारखं पांढरं. बोटीच्या धक्क्याच्या फळ्या पांढऱ्या. दव गोठलं होतं. हातात घेतलं तर खडा लागायचा आणि लगेच पाणी. अहो, पाण्यासाठी जन्म काढलेला माणूस मी, पाणी असं जमिनीवर अंथरलेलं बघून येडाच झालो. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, स्ट्रॉबेरीच्या एका वाफ्यापर्यंत गेलो, त्यावर अंथरलेल्या मल्चिंगच्या प्लॅस्टिक कागदावरसुद्धा पांढरा थर. वाटलं, सुमनला दाखवावं. एक मोठं पान खुडून त्यावर थोडं गोळा केलं. तासभर तरी गेला असेल.

खोलीत आलो तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. खांदे वरखाली होत होते. ओठ जांभळे. मशीनचा आवाज बंद. लाईट गेली होती. कधी गेली, देव जाणे. ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावलं तर आकडा नव्वदच्या खाली, बराच खाली. तिला बोलता येत नव्हतं. नुसती बघत होती माझ्याकडं. माझ्या हातातल्या पानाकडं. मी ते पान तिथंच टाकलं आणि बोंबलत वर गेलो.

खोल्या सांभाळणारा पांडुरंग नावाचा माणूस होता, साठीचा. तो नुकताच गावातून येऊन पोचला होता, त्यानं त्याची जीप तशीच वळवली. सुमनला दोघांनी उचलून बसवली. वाटेत तो माझ्यावर भडकला. "अवो पाव्हणं, जानेवारीत तळ्याकाठी दम्याचं माणूस ठिवत्यात व्हय? अख्ख्या म्हाबळेश्वरात सगळ्यात गारठा हितं पडतो. आमी सोता झोपायला वर गावात जातो. बाईंची छाती अशी हाय म्हणून आधी बोलला असता, तर मी काल उतरूच दिलं नसतं."

शेतकऱ्याला एवढं कळू नये? खोलगट जागी गारठा बसतो, हे मला का ठाऊक नव्हतं? माझ्याच शेतात ओढ्याकडेची वांगी आधी करपतात. पण पाणी दिसलं की माझी बाकीची अक्कल चालत नाही.

बाजारपेठ

गावातल्या दवाखान्यात तिला वाफ दिली, ऑक्सिजन लावला. दहाच्या सुमाराला आकडा वर आला आणि ओठांना रंग आला. तिथला डॉक्टर म्हणाला, "आज खाली उतरलात तर उत्तम. नाहीतर निदान तळ्याकाठून उठा. इथं वर, कोरड्या जागी, ऊन येईल अशी खोली बघा." मी लगेच दत्तूला फोन लावायला मोबाईल काढला. सुमननं माझं मनगट धरलं. तोंडावर नळीचा मास्क होता. तो बाजूला करून म्हणाली, "मी न्हाय जायाची."

"अगं, जीवावर बेतलं हुतं."

"म्हणूनच न्हाय जायाची. मला बाजारात ठिवा."

तीस वर्षांत तिनं "मला हे पाहिजे" असं इतकं सरळ कधी सांगितलेलं मला आठवत नाही. मोबाईल खिशात ठेवला.

पांडुरंगानंच सामान वर आणून दिलं आणि मेन रोडवर एक जागा दाखवली. खाली चपलांचं दुकान, वर चार खोल्या. मालकीण फरीदाभाभी, एकटी बाई, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. मी म्हणालो, "खालची खोली न्हाय का? हिला जिना झेपणार न्हाय." भाभी म्हणाली, "खाली दुकान है. वर ऊन येतं दिवसभर, खिडकी रस्त्यावर हाय. ताई, बसत बसत या. घाई कुणाला हाय?" सुमन एकेक पायरीवर बसत वर गेली. चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर भाभी तिच्याबरोबर बसली आणि काहीबाही बोलत राहिली. मी मशीन खांद्यावर घेऊन मागं उभा, खालून गिऱ्हाईक बघतायत म्हणून ओशाळलेला.

खिडकीशी खुर्ची टाकली. तिथून पुढचे तीन दिवस सुमन जवळजवळ उठलीच नाही. आणि म्हाबळेश्वरचा एकही पॉइंट तिनं बघितला नाही. जे काही म्हाबळेश्वर तिनं बघितलं ते त्या खिडकीतून: समोरचा चणेवाला, त्याच्या शेजारचा काठ्या विकणारा, मधाच्या बाटल्या, टोप्या, सरबतं, फोटो काढून घेणारी नवरानवरीची जोडपी, भांडणारी सासू-सून, रुसलेली पोरं. मला त्या गलक्यानं डोकं उठायचं. गाड्यांचे हॉर्न, दुकानातली गाणी. पडून राहावं म्हटलं तर डोळा लागत नव्हता. तिला मात्र दिवसा खुर्चीत बसल्याबसल्या झोप लागायची, आणि त्या झोपेत ती खोकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चणेवाला खालून ओरडला, "ताई, आज कशी हाय तब्येत?" तिनं हात केला. त्यानं कागदाच्या पुडीत चणे बांधून वर पाठवले, भाभीच्या हातून. दुपारी चपलांच्या दुकानातली बाई वर येऊन बसली. मी आतल्या खाटेवर पडून ऐकत होतो. सुमन बोलत होती. दम लागला की थांबायची आणि परत बोलायची. भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीचं सांगत होती. तिचे वडील कारखान्यात होते, तिचं सगळं बालपण तिथल्या एका ओळीतल्या खोल्यांत गेलेलं. "भोंगा झाला का सगळी दारं उघडायची. कुणाच्या घरी काय शिजलं ते वासावरनं कळायचं. आमच्या घरात मीठ संपलेलं आठवत न्हाय बघा, कारण संपायच्या आधीच कुणीतरी द्यायचं. आन उलटं." त्या दोघी हसल्या. माझ्या बायकोचं हे हसणं मी ओळखलंच नाही आधी. वाटलं, तिसरं कुणी आलंय का?

त्याच दिवशी संध्याकाळी भाभीनं पातळ डाळभात दिला, तो खाऊन ती ताजीतवानी दिसत होती. मी बरं वाटून म्हणालो, "सुमन, हितं एवढं काय आवडलं गं तुला? माणसांचा निस्ता गदारोळ."

ती खिडकीकडंच बघत म्हणाली, "माणसंच की."

"माणसं गावात न्हाइत व्हय?"

"गावात हायत. मी कुठं गावात हाय?"

मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही. चढवायला श्वासही नव्हता. "अवो, मी कॉलनीतली पोर. लगीन करून आले आन वरसाच्या आत तुमी मला विहिरीकडंला नेऊन ठिवलंत. दोन पोरं झाली, तवा शेजारी बाई न्हवती पाणी तापवायला. तुमी शेतात. पोरं शाळंला. मी भिंतीसंगं बोलायची. खोटं न्हाय सांगत. दोडक्याच्या येलांसंगं बोलायची. येलाला काय कळतंय? एकदा तर टपालवाला आला, त्येला मी चा पाजला, परत पाजला, तिसऱ्यांदा म्हटलं आणखी घ्या, तर त्यो घाबरून गेला."

ती हसली. मला हसू आलं नाही.

"मग मला कधी बोलली का न्हाईस?"

"बोलले की. दोनदा बोलले. येकदा म्हटलं, गावात एखादी खोली घिऊया, पोरांची शाळा हाय तवर. तुमी म्हणला, बघू, पाण्याचं झालं की बघू. दुसऱ्यांदा बोलाय लागले, तवर लाईट आली. तुमी मोटार चालू करायला गेला."

खाली कुणीतरी कणीस भाजत होतं, त्याचा धूर वर येत होता. मी उठून खिडकी लावायला गेलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडी." मग मी तिथंच उभा राहिलो, खिडकीचा गज धरून. माफी मागायची आमच्यात पद्धत नाही, बायकोची तर नाहीच. शेवटी म्हणालो, "गेल्या गेल्या गावात खोली घिऊ."

"आता कशाला?" ती म्हणाली. रागानं नाही. खरोखरच विचारल्यासारखं.

क्षेत्र

चौथ्या दिवशी भाभी म्हणाली, "तात्या, तुम्ही तरी जाऊन या देवळात. मी बसते ताईंजवळ." सुमननंही हाकललं. "जावा, न्हायतर म्हणाल म्हाबळेश्वर बघितलंच न्हाय."

पंचगंगेच्या देवळात गेलो. तिथं दगडी गायीच्या तोंडातून पाणी पडतं. पाच नद्यांचं पाणी, म्हणतात. एकजण शेजारी उभा राहून नावं सांगत होता: कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. एरवी मी तिथं नाचलो असतो. यातलं आमच्या टेलला काय येतं, कुठून वळवता येईल, असले हिशेब केले असते. पाण्याची धार बोटाएवढी होती. लोक ओंजळी भरत होते. मीही ओंजळ पुढं केली आणि कोपरापर्यंत पाणी ओघळू दिलं. आणि तिथं, त्या गर्दीत, मला रडू फुटलं. लाज वाटली नाही. एका म्हातारीनं विचारलं, "काय झालं वो बाबा?" मी म्हटलं, "काय न्हाय. पाणी बघून." ती "व्हय व्हय, गंगाच हाय ती" म्हणून पुढं गेली.

परत येताना खोलीखालच्याच दुकानात सुमनसाठी चपला घेतल्या. माप मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत कधी लागलं नव्हतं. दुकानदारीण म्हणाली, "मला ठाऊक हाय ना, ताईंनी काल पाय दाखवला," आणि तिनंच जोड काढून दिला.

पाचव्या दिवशी दत्तू आला. चौदा पायऱ्या उतरायला तिला अर्धा तास लागला. चणेवाला, काठ्यावाला, चपलावाली, सगळी गाडीपाशी आली. भाभीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "ताई, परत या." सुमन म्हणाली, "तुमीच या आता. कळसला या." घाट उतरताना तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही. पसरणीच्या वळणांवर डोळे मिटून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी दत्तूला म्हणालो, "सावकाश घे." तो म्हणाला, "सावकाशच हाय तात्या."

कळस

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट होती. मोटार चालू न करता मी गावात गेलो, दहाच्या सुमाराला. वेशीजवळ, रस्त्याला लागून, बदली होऊन गेलेल्या एका मास्तरांच्या घराची पुढची खोली बंद होती. किल्ली शेजारच्या शिंप्याकडं. शिंप्यानं फोन लावून दिला. मास्तर म्हणाले, "तात्या, विचारता काय, उघडा." दोन बायका झाडून गेल्या. दोनला खोली तयार होती. संध्याकाळी पिकअपमध्ये खाट, मशीन आणि गॅसची शेगडी घालून सुमनला तिथं आणली आणि दारात खुर्चीवर बसवली.

रस्त्यानं पहिली आली ती मंदाकाकू, डोक्यावर गवताचा भारा. थांबली आणि म्हणाली, "काय गं सुमन, जेवलीस का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेली, कारण भारा जड होता. सुमन तोंडाला पदर लावून हमसून रडायला लागली. मी घाबरून मशीनकडं धावलो. तिनं हातानं नको म्हटलं. "मला काय झालं न्हाय," ती म्हणाली. "जाता जाता इचारलं तिनं."

त्या खोलीत सुमन एकोणीस दिवस राहिली. पहिले काही दिवस दारातल्या खुर्चीत, नंतर आतल्या खाटेवर. बायका येऊन बसायच्या, कुणी भाजी निवडत, कुणी लेकराला पाजत. कुणाच्या घरी काय शिजलं ते तिला सांगितलं जायचं. गेली तेव्हा तिघीजणी उशाशी होत्या आणि मी पायाशी.

तेराव्यानंतर शिंप्याकडं किल्ली द्यायला गेलो. त्यानं ती खुंटीला अडकवली आणि सहज म्हणाला, "तात्या, ही खोली रिकामीच असती वो. मास्तरांच्या आधीबी वरसानुवरसं रिकामीच हुती. आधीच का न्हाय घेतली?"

तीस वर्षं मी म्हणत होतो, पाण्याचं झालं की बघू. त्या दिवशी सकाळी दहाला गावात गेलो होतो आणि दोनला खोली मिळाली होती. काम चार तासांचं होतं.